जुन्या गाडीचे पुढचे डिस्क आणि पॅड बदलताना

गॅरेजमध्ये पुढच्या ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे, अर्ध्या-पाऊण तासात बदलून मिळतात. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडला, त्यातला पिस्टन टॉमीने मागे रेटला, नवे पॅड कोंबले, चाक चढवलं. नव्या गाडीला हे चालून जातं. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला नाही, आणि आपल्या खान्देशात तर नाहीच. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती कॅलिपरच्या खाचांत जाऊन बसते, वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, आधीच जुनी झालेली रबरं अजून कडक होतात. म्हणून या कामातला खरा वेळ सफाईला आणि स्लाइड पिनांना (ज्यांवर कॅलिपर मागे-पुढे सरकतो) द्यायचा. सुटे भाग बदलणं त्यामानाने सोपं.

डिस्क बदलायची का, हे डोळ्यांनी ठरवू नका. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते; साधारण नव्या जाडीपेक्षा 2 मिमी कमी. व्हर्नियरने मोजताना एक फसगत होते: डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली कडा उरते, व्हर्नियर तिच्यावर टेकतो आणि जाडी जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. पॅडचा मसाला (झिजणारा थर) 3 मिमीवर आला की बदलायचे. डिस्क असो वा पॅड, डावं-उजवं एकदमच बदलायचं, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

लेथवर डिस्क घासून घ्यायचा सल्ला मिळेल. छोट्या गाडीच्या डिस्कला मला तो पटत नाही. मुळात पातळ डिस्क अजून पातळ होते, लवकर तापते, आणि कन्नड घाट उतरून चाळीसगावला येईपर्यंत स्टीअरिंग थरथरायला लागतं.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. मातीवर काम करायची वेळ आलीच तर जॅकखाली जाड फळी हवी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी उचलली की स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे क्लिपा कशा होत्या ते बघायला दुसरी बाजू शाबूत असते.

पिनांचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांना 12 किंवा 14 च्या पान्याचे, ब्रॅकेटचे (कॅलिपर आणि पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीचे) 17 चे. ब्रॅकेटचे बोल्ट गंजून बसलेले असतात, तिथे सहा कोनी गोटीच (सॉकेट) वापरा. बारा कोनी गोटी डोकं गोल करते. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवला तर निम्मी झटापट वाचते. सुटलेला कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका.

जुने पॅड लगेच फेकू नका, रोग तेच सांगतात. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलाय? मग स्लाइड पिन तरी जाम आहे किंवा पिस्टन मागे येत नाही. पॅड तिरका झिजला असेल तर एकच पिन अडकलेली असते. हे दुरुस्त न करता नवे पॅड टाकले तर तेही तसेच जाणार. पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, खड्डे पडलेली पिन बदला. एका पिनेला टोकाशी रबर असेल तर ती वरची की खालची हे लक्षात ठेवा, अदलाबदल करू नका. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच हवं. चाकाच्या बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस लावलं तर बुटाचं (पिनेवरच्या रबरी टोपणाचं) रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. ब्रॅकेटवरच्या पत्र्याच्या क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने घासा. तो गंज क्लिप उचलतो आणि पॅड अडकतो. पॅडची धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

डिस्क हबला (चाक बसतं त्या फिरणाऱ्या भागाला) चिकटलेली असते. अनेक गाड्यांत तिला आट्यांची दोन भोकं असतात. त्यात 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ती सुटते. काही गाड्यांत दोन स्क्रू असतात, त्यांना ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच जाते. काही जुन्या गाड्यांत मात्र डिस्क हबला मागून बोल्टने बसवलेली असते आणि हबच काढावा लागतो. ते काम मिस्तरीकडेच द्या.

आता हब. त्याच्या तोंडावर गंजाचा एखादा खवला राहिला तर डिस्क तिरकी बसते, काठाशी ती डुलते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरतं. मग लोक ‘डिस्क डुप्लिकेट निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. हब चकचकीत होईपर्यंत घासा. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने काढा. रॉकेल किंवा डिझेल चालत नाही, त्याचा थर मागे राहतो.

पिस्टन दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. झिजलेल्या पॅडवर कुणी ऑइल भरून ठेवलं असेल तर ते उतू जातं आणि रंग खातं; सिरिंजने थोडं काढून घ्या. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश दाबा, मध्ये जुना पॅड ठेवून. हाताच्या सी-क्लॅम्पनेही हलत नसेल तर कॅलिपरची सील बदलायला झालीय, किंवा रबरी पाइप आतून बुजलाय.

पॅड झिजला की आवाज करणारी पत्री असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला जातो. ग्रीस फक्त पॅडच्या लोखंडी कानांना, अगदी पुसट. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

चाक चढवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबांना ते थेट तळाला जातं. हे विसरून गाडी मागे घेणारे भिंतीवर जातात.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना 230 अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर 155 पर्यंत उतरतं. तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना सतत पाय ठेवला की वाफ होऊन पेडल मऊ पडतं, ते यामुळेच. उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

पॅड मुरवायला मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून गार करा. लगेच थांबून पेडल दाबून धरलं तर गरम डिस्कवर पॅडचा छाप उमटतो. पहिले 200-300 किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा, आणि 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासा.