कान चिरलेला गोऱ्हा

ऑक्टोबर 2024 चा पहिला आठवडा. सकाळी जनावरांच्या दवाखान्याचं फाटक उघडायला गेलो तर कडीला गोऱ्हा बांधलेला. पाचेक महिन्यांचा, काळा-पांढरा, संकरित एचएफ, म्हणजे होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीचा संकर. गावात सगळ्या संकरितांना जर्सीच म्हणतात. दावं नवं कोरं, पुढ्यात हिरव्या मक्याची पेंढी. आणि उजवा कान चिरून दोन फाका झालेल्या. बिल्ला ओढून काढला होता.

बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मोबाइलवर टाकला की मालकाचं नाव निघतं. पण मला नंबराची गरजच नव्हती. कपाळावरचा तिरका ठिपका ओळखीचा होता. मे महिन्यात रात्री दोन वाजता, पोटात उलटा अडकलेला हा जीव मीच ओढून काढला होता. तेव्हा मालकानं आधी त्याची शेपटी उचलून पाहिली आणि म्हणाला, "गाय वाचली, बरं झालं." कानात बिल्लाही लाळ-खुरकुताच्या लसीच्या वेळी मीच मारला होता.

आमच्या परिचर मामांनी जखम धुतली. "सायेब, गोशाळेला फोन लावा की."

लावला. पहिला प्रश्न आला, "देशी आहे का?" चार दिवसांपूर्वीच, 30 सप्टेंबरला, राज्यानं देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं होतं आणि गोशाळांतल्या देशी गायींना दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं होतं. खिल्लार, देवणी, डांगी यांचं ठीक आहे. हा ना देशी, ना गाय. "जागा नाही हो डॉक्टर," म्हणून फोन ठेवला.

तोवर दोन तरुण आले. कुणीतरी फोटो पाठवला असावा. मनापासून आले होते. एकानं गोऱ्ह्याच्या तोंडाशी गूळ धरला. "सर, गुन्हा दाखल करा." मी सांगितलं, 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर असं सोडून देणं गुन्हाच आहे, पहिल्या वेळेला दंड 10 ते 50 रुपये. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. "तुझ्या घरी जनावरं आहेत का रे?" "आजोबांकडं होती, सर." याला घेऊन जा म्हटलं, तर दोघं एकमेकांकडं बघत राहिले. त्यांनाही दोष कसा द्यायचा, फ्लॅटमध्ये राहतात पोरं.

संध्याकाळी पिकअपमधून गोऱ्हा घेऊन मीच मालकाच्या वस्तीवर गेलो. खाली उतरवला तसा तो सरळ आपल्या खुंट्याशी जाऊन उभा राहिला. गाय हंबरली. मालक मान खाली घालून बसला. बोलली त्याची बायको.

"तीन महिने रोज दोन लिटर पाजलं त्याला. डेअरीला घातलं असतं तर पाच-सहा हजार झालं असतं. आता ह्याचं करायचं काय, तुमीच सांगा."

खरंच, काय करायचं? वशिंड नाही, त्यामुळं जू नीट बसत नाही. ऊन सोसत नाही. शेत तर ट्रॅक्टरवर आहे. 1976 च्या कायद्यानं गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण निरुपयोगी बैलाच्या कत्तलीचा दाखला मिळायचा, आणि व्यापारी दारात येऊन गोऱ्हाही घेऊन जायचा. 2015 पासून बैल-वळूही बंदीत आले. त्या कायद्यावर माझं मत विचाराल तर जनावराच्या डोळ्यांकडं बघत मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण दूध स्वस्त हवं, गोऱ्हा जगवायला हवा आणि त्याची वैरण एकट्या या बाईनं आणायची, हा हिशेब मला जमत नव्हता. शिवाय याच्या वेळी गायीला कृत्रिम रेतनाची कांडी मीच भरलेली.

"पुढच्या वेळी कालवडीची कांडी भरू," मी म्हटलं. "शंभरात नव्वद वेळा कालवडच होते."

"आन् ह्यो?" मालक पहिल्यांदा बोलला.

मी काहीच बोललो नाही. पेटीतून नवा बिल्ला काढला, डावा कान चिमटीत धरला आणि पक्कड दाबली. मालकानं डोकं घट्ट आवळून धरलं होतं. मोबाइलमध्ये जुन्या बिल्ल्याची नोंद 'हरवला' अशी केली. खोटीच.

दिवाळीनंतर गायीच्या तपासणीला त्या वस्तीवर गेलो, तेव्हा खुंटा रिकामा होता. कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मोबाइलमध्ये तो अजून त्याच दावणीला आहे.