सचिनची ग्रिप आणि आचरेकर सर

कोचिंगचा विषय निघाला की मला पहिले सचिन तेंडुलकरचे कोच आचरेकर सर आठवतात. स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, जो सचिनला आउट करेल त्याला नाणं आणि नाबाद राहिला तर सचिनला, अशी 13 नाणी त्याने मिळवली. पण मला त्याहून भारी वाटते ती ग्रिपची गोष्ट. सचिन बॅटचं हँडल एकदम खाली धरायचा, लहानपणी मोठा भाऊ अजितची मोठी बॅट वापरायचा ना. सरांनी जरा वर धरायला सांगून पाहिलं, पण त्याला ते बरं वाटेना, मग तीच ग्रिप शेवटपर्यंत राहिली.

शिकवणाऱ्याला असं सोडून देणं लय अवघड जातं हो. मी रविवारी सोसायटीतल्या पोरांची बॅटिंग घेतो, त्यातला एकजण ड्राइव्ह मारताना डोकं ऑफ साइडला पाडतो आणि बॉल हवेत जातो. पाय, कोपर, बॅकलिफ्ट (बॅट मागे उचलणं) अशा दहा गोष्टी सांगाव्याशा वाटतात पण मी त्याला फक्त "डोकं बॉलवर ने" एवढंच सांगतो आणि जवळून अंडरआर्म बॉल टाकत राहतो, आता चांगले खाली राहतात त्याचे शॉट.

आणि हो, आईबाबांनो, नेटमागे उभं राहू नका प्लीज! शिवाजी पार्कात पहिल्या ट्रायलला सचिनसुद्धा दडपणाखाली नीट खेळला नव्हता, मग अजितच्या सांगण्यावरून सरांनी त्याला झाडाआडून बघितलं. पुढच्या रविवारपासून पालकांनी पोरांना सोडून सरळ चहाला जायचं, मी आहे तिथे.