तुम्ही विचारलंत म्हणून : लिपस्टिक, झेंडा आणि सातारचे राज्य

“बाई, लिपस्टिक लावून उभ्या राहिलेल्या त्या माणसात तुम्हाला एवढे काय दिसते?” साताऱ्यात आमच्या घरी येणारे माजी विद्यार्थी, शेजारी आणि नातलग हा प्रश्न मला हमखास विचारतात, कारण इतिहास शिकवणारी ही बाई ब्रिटिश विनोदकार एडी इझार्ड यांचा ‘ड्रेस टू किल’ हा एकपात्री विनोदी कार्यक्रम टीव्हीवर पुन्हा पुन्हा लावते, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. 1998 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यगृहात त्याचे चित्रीकरण झाले आणि 2000 मध्ये त्याला अमेरिकन टीव्हीचे दोन एमी पुरस्कार मिळाले. (इझार्ड आता सुझी हे नावही वापरतात आणि आपला उल्लेख स्त्रीलिंगी व्हावा असे त्यांना वाटते, म्हणून मीही तसाच करते.)

पुरुषाने बायकी पोशाख केला की हसायचे, हे आपल्याला गवळणीतल्या मावशीने शिकवले आहे. जत्रेतल्या तमाशात ती पदर सावरत आली की तोंड उघडण्याआधीच हशा पिकतो, कारण पोशाख हाच तिचा पहिला विनोद असतो. याउलट बालगंधर्वांची भामिनी किंवा रुक्मिणी समोर आली की हसण्याचा प्रश्नच नव्हता. शालू आणि दागिन्यांत नटलेला गायक पुरुष आहे याचा प्रेक्षकांना विसर पडावा, अशीच तिथली सारी मांडणी असे. इझार्ड यांचा गडद मेकअप आणि उंच टाचा या दोन्हींत बसत नाहीत. त्या कोणाचीही भूमिका करत नाहीत. आपल्याला असे कपडे आवडतात हे थट्टेच्या सुरात, पण कसलीही सारवासारव न करता सांगतात आणि युरोपच्या इतिहासाकडे वळतात. थोड्याच वेळात कपड्यांकडे आपले लक्षही राहत नाही.

मग तो झेंड्याचा प्रसंग येतो. इंग्रज जहाजातून उतरतात, झेंडा रोवतात आणि हिंदुस्थान आता आमचा, असे जाहीर करतात. इथली माणसे म्हणतात की अहो, आम्ही इथे राहतो. त्यावर साहेब अत्यंत सभ्यपणे विचारतो, तुमच्याकडे झेंडा आहे का? साताऱ्यात बसून हे पाहणाऱ्याला 1839 आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांकडून पदच्युत करून काशीला धाडले गेले, पुढे त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 मध्ये वारले, तेव्हा त्यांनी घेतलेले दत्तक कंपनीने नामंजूर केले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. आमच्याकडे झेंडा होता. म्हणून साहेबाने दत्तकाची मंजुरी विचारली! हे प्रकरण मी फळ्यावर कारणे आणि परिणाम असे दोन रकाने आखून शिकवत आले, पण त्यातला शिष्टाचाराने मढवलेला निर्लज्जपणा त्या रकान्यांत मावत नाही. लिपस्टिकचा खरा उपयोग मला इथे दिसतो. साहेबाचा रुबाब त्या रंगवलेल्या ओठांतून ऐकताना साहेबाचा गणवेश, त्याची पदके आणि त्याचा झेंडाही नटण्याचेच प्रकार वाटू लागतात. तोच संवाद सुटाबुटातल्या विनोदकाराने म्हटला असता, तर तो साहेबाचीच नक्कल होऊन राहिला असता.

रेकॉर्डिंग पाहण्यात काय मजा, असेही काही जण म्हणतात. प्रत्यक्ष प्रयोगाची सर त्याला नाही हे मान्य आहे, परंतु कॅमेऱ्याचे म्हणून काही फायदे असतात. एखादा विनोद पडला की हे पुन्हा करायचे नाही अशी नोंद लिहून ठेवल्याचा हावभाव इझार्ड करतात आणि त्या पडलेल्या विनोदावरच नवा हशा वसूल करतात. आमच्या शाहू कला मंदिर नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून अशी बारीक हालचाल मला दिसली नसती. शेवटचा बराचसा भाग तर त्या फ्रेंचमध्ये करतात. मला फ्रेंच येत नाही, पण शाळेत शिकलेली माकड फांदीवर असल्याची निरुपयोगी वाक्ये वापरण्यासाठी त्यांनी फ्रान्सभर केलेली खटपट आधी ऐकलेली असल्याने काहीही अडत नाही.

तेव्हा पाहायचेच असेल तर सबटायटल लावून पाहा, कारण त्या वाक्य अर्धवट टाकून दुसऱ्याच विषयावर उडी घेतात. शिव्या मात्र भरपूर आहेत. घरात लहान मुले जागी असतील तर आवाज कमी ठेवा.