कीर्तनातला नास्तिक

चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण आटोपून आमची दिंडी तरडगावी मुक्कामाला आली. त्या रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी निरूपणाचा अभंग बाजूला ठेवून नास्तिकांचा समाचार घेतला. देव न मानणारा माणूस जनावराहून हीन, असे त्यांनी ठासून सांगताच तंबूत टाळ्या पडल्या. मला खटकले ते एवढ्याचसाठी की, हे ताशेरे ज्याला लागू पडावेत असा आमच्यात एकच गृहस्थ होता आणि तो त्या वेळी बाहेर टँकरच्या नळाखाली उद्याच्या पाण्याचे कॅन भरीत होता. पत्नीच्या सोबतीला येणारे हे निवृत्त गुरुजी माळ घालीत नाहीत, रथाजवळ दर्शनालाही जात नाहीत. पहाटे तंबू उतरवून ट्रकमध्ये चढवताना मात्र सर्वांच्या आधी हजर असतात.

नारदाच्या भक्तिसूत्रांत नास्तिकाचे चरित्र ऐकू नये असे आहे आणि थोडे पुढे, वादात पडू नये असेही आहे. पहिले सूत्र भक्ताला स्वतःचे मन जपायला सांगते. त्यातून दुसऱ्याला शिव्या घालण्याची मुभा निघत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातही हे गुह्य अभक्ताला सांगू नकोस एवढेच भगवंत म्हणतात. त्याला चव्हाट्यावर झोडपण्याची आज्ञा तेथे नाही.

‘नाठाळाचे माथी हाणू काठी’ हेही तुकोबांचेच वचन, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. शाक्तांवरचे, म्हणजे शक्तीच्या उपासकांवरचे, त्यांचे अभंग तर फारच जहाल आहेत आणि त्यांची वकिली करावी असे मला वाटत नाही. परंतु गाथेतली टीका वारंवार वळते ती टिळे-माळा मिरवणाऱ्या ढोंग्यांकडे आणि हरिकथेचे पैसे घेणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याच मेळ्यातल्या लोकांकडे. जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही सेवू नये, हा दंडक आधी स्वतःला लावून ते बोलतात, आणि बोलण्याचे कारणही देतात: ‘बुडती हे जन न देखवे डोळा’. त्या रात्रीच्या टाळ्यांत कोणासाठी कळवळा होता, हे मला कळले नाही.

नास्तिकावर टीका करूच नये, असे मी म्हणत नाही. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’चे पहिलेच प्रकरण देव न मानणाऱ्या चार्वाकाला दिले आणि त्याचे म्हणणे सविस्तर मांडले. खंडन करायचे तर पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, असा आधी मांडलेला असावा, आणि शक्य तर ज्याचे खंडन करायचे तो समोर बसलेला असावा. वारीला ही रीत परकी नाही. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की सारे टाळ थांबतात, तक्रार असलेल्या दिंडीचे तेवढे वाजत राहतात आणि ती तक्रार सर्वांदेखत ऐकून घेतली जाते.

फलटणच्या वाटेवर मी आमच्या विणेकऱ्यांना म्हटले, “माउली, कालचे कीर्तन कसे वाटले?”

“आवाज चांगला आहे महाराजांचा,” एवढेच ते म्हणाले. संध्याकाळी महाराज पुन्हा कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन विणेकरी सर्वांना ऐकू जाईल असे बोलले, “महाराज, आज अभंग सोडू नका.”