किती विमाने पाडलीत?

दर 26 जानेवारीला औसा तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत मला झेंडावंदनाला बोलावतात आणि छातीवरचे चार टोकांचे वायुसेना पदक पाहून कोणीतरी विचारतेच, "साहेब, शत्रूची किती विमाने पाडलीत?" एकही नाही. लढाऊ विमान मी कधी चालवलेच नाही. मी सियाचीनवर चीता हेलिकॉप्टर चालवत होतो, आणि हे ऐकून समोरच्याचा चेहरा कसा पडतो ते मला पाठ झाले आहे.

वीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते, की पाच जणांसाठी बांधलेले हे एका इंजिनाचे यंत्र तिथे जेमतेम एखादे रॉकेलचे जेरीकॅन पोहोचवते. लातूरच्या आडतीवर तूर घातलेल्या माणसाला तरी हे कळावे, की तिथे सगळा कारभार काट्याचा आहे. ऊन चढले की हवा आणखी पातळ होते, म्हणून उड्डाणे सकाळी लवकर. आणि चौकीवर इंजिन बंद करत नाहीत, कारण ते पुन्हा सुरू होईलच असे नसते.

त्या दिवशीची चौकी थोडी खाली होती. तिथून एक माणूस निघू शकत असे. आजारी दोन होते, दोघांच्याही फुफ्फुसांत पाणी भरलेले. एक बेशुद्ध होता. दुसरा, ओठ निळे पडलेले असूनही, स्वतःच्या पायांनी आला होता. मी इंधनाचा आणि वाऱ्याचा हिशेब दोनदा मांडला आणि एक बोट वर केले. दुसरा फिरत्या पात्यांखाली वाकून पुढे आला, त्याने बेशुद्ध सोबत्याचा पट्टा लावला, तो बसला का हे दोनदा ओढून पाहिले, आणि कोणी न सांगता मागे सरकला. तेवढ्यात हेडफोनमध्ये सहवैमानिक म्हणाला, "सर, मी उतरतो, याला घ्या." मी नाही म्हणालो. परतीच्या फेरीआधी ढग भरले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा तो जवान राहिला नव्हता.

मानपत्रात पहिल्याचा उल्लेख आहे आणि त्यात खोटे काही नाही. त्या आडव्या वाऱ्यात तिथे उतरणे सोपे नव्हते, पदक मी फुकट मिळवलेले नाही. दोघांना घेतले असते तर सगळेच दरीत गेलो असतो, असे मी कैक वर्षे सांगत आलो. पण सहवैमानिक उतरला असता तर वजन तेवढेच राहिले असते. त्या उंचीचा सराव नसलेला माणूस रात्रभर तिथे राहिला तर तोच तिसरा रुग्ण होतो, हे माझे तेव्हाचे उत्तर आजही चुकीचे वाटत नाही, आणि पुरेसेही वाटत नाही. ते उत्तर मला त्या क्षणी सुचले होते की खाली आल्यावर, हेही आता नक्की सांगता येत नाही.

पदक घरी आणले तेव्हा वडिलांनी ते तळहातावर तोलून पाहिले, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "अन् त्या दुसऱ्याचं काय झालं रं?" विमाने किती पाडली, हे त्यांनी कधी विचारले नाही.

सहवैमानिकाचा दर दिवाळीला फोन येतो. मुलांची शिक्षणे, गुडघे, पाऊस, सगळे बोलणे होते. तो विषय त्याने काढलेला नाही, मीही नाही.