धूर नाही म्हणून शटर ओढू नका

जालन्यात मे महिना म्हणजे बियाण्याची धांदल. खरिपाच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्याचे खोके रात्रंदिवस बाहेर पडत असतात. बाहेर मरणाचं ऊन, आत बियाण्यासाठी राखलेला गारवा, म्हणून शटर कायम खाली. आणि आत फिरते एलपीजी गॅसवरची फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून नेणारी गाडी. मी या गाड्या दुरुस्त करतो. गोदामात शिरलो की मालक हमखास सांगतात, "आपली डिझेलची नाही, गॅसची आहे. धूरच नाही."

धूर नसतो, खरं आहे. पण इंजिनात गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. एलपीजीचा वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा. तो टाकीची गळती सांगतो. सायलेन्सरमधून काय येतंय ते सांगत नाही.

मागच्या हंगामात एका गोदामात पाना हातात घेतला नाही तोच एक हमाल म्हणाला, "मिस्त्री, डोस्कं लई दुखायलंय. मळमळायलंय बी." मुकादम म्हणाला, ऊन लागलं असेल. ऊन लागायला तो माणूस सकाळपासून बाहेर गेला होता कुठे? त्याच्या जोडीच्या दोघांचंही तेच गाऱ्हाणं. मी विचारलं, चहाला बाहेर गेल्यावर कसं वाटतं? "बाहेर गेलं की उतरतंय."

एवढं ऐकून मी गाडी बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं, शटर वर केली आणि १०८ ला फोन लावायला सांगितलं. मुकादमानं कोरोनातलं ऑक्सिमीटर आणलं. आकडा ९८. तो म्हणाला, "बघा, काही नाही." हे नीट लक्षात घ्या : कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरक कळत नाही. खरं चित्र रक्ताच्या तपासणीतच दिसतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून दवाखाना गाठायचाच. तिघंही बरे झाले.

गाडी उघडली तर एअर फिल्टर धुळीनं गच्च. त्यात गाडी ओढत नाही म्हणून कुणीतरी गॅस वाढवून ठेवलेला. हवा कमी, गॅस जास्त. विष तयार व्हायला आणखी काय लागतं? फिल्टर बदलला, हवा-गॅसचं मिश्रण सायलेन्सरला बाहेर पडणारे वायू मोजणारा गॅस अ‍ॅनालायझर लावून बसवलं. नुसत्या कानानं ट्यूनिंग करणाऱ्यावर या कामात माझा विश्वास नाही. सायलेन्सरच्या वाटेत विषारी वायू कमी करणारा कन्व्हर्टर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, इंजिन गार असेपर्यंत तो काम करत नाही. आणि कूलिंग युनिट आतलीच हवा फिरवत राहतं, ताजी हवा आणत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, होती. हा वायू मोजणारा मीटर ड्रायव्हरच्या छातीवर लावा. हा वायू साधारण हवेइतक्याच वजनाचा, सगळीकडे मिसळतो. गळलेला एलपीजी मात्र जड, तो जमिनीलगत पसरून गटारात उतरतो, म्हणून टाकी बदलायची ती उघड्यावर आणि गटारापासून लांब. पाळी संपली की आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, पाइपातला गॅस संपून इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग चावी काढा.

शटर बंद ठेवणं भागच असेल तर आत बॅटरीचीच गाडी घ्या. मालकांना मी हे तोंडावर सांगतो.