झिजलेला मुलामा आणि सहा रिकाम्या पुंगळ्या

शस्त्रदुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि जुने रिव्हॉल्वर विकत घेण्यापूर्वी ते माझ्याकडून तपासून घेणारे लोक नेहमीच येतात. त्या दिवशी आलेले गृहस्थ लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पहिलेच शस्त्र घेत होते. परवाना आणि क्रमांकाची पडताळणी त्यांनी आधीच केली होती, त्यामुळे प्रश्न फक्त शस्त्राच्या प्रकृतीचा होता. कापडातून त्यांनी काढले ते स्मिथ अँड वेसन कंपनीचे, .३८ स्पेशल काडतुसाचे रिव्हॉल्वर, १८९९ साली बाजारात आलेल्या आणि १९५७ मध्ये मॉडेल १० हे नाव मिळालेल्या घराण्यातले. नळी फ्रेममध्ये आडव्या पिनेने रोखलेली होती, म्हणजे ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीचे असणार.

दिसायला ते फारच दीनवाणे होते. नळीच्या टोकाशी आणि काडतुसे धरणाऱ्या फिरत्या सिलिंडरच्या कडांवर निळा-काळा मुलामा उडून पांढरे पोलाद उघडे पडले होते आणि लाकडी मुठीवर ओरखडे होते. गृहस्थ म्हणाले, “इतकं वापरलेलं दिसतंय, नकोच म्हणायचं का?”

मला मात्र ती झीज ओळखीची वाटली. कातडी होल्स्टरमधून रोज आतबाहेर होणारे शस्त्र नेमके याच जागी घासले जाते. गोळ्या झाडल्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या आत शोधाव्या लागतात. मी सिलिंडर उघडून सहाही कप्पे रिकामे असल्याची खात्री केली, नळीत उजेड सोडला. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे धारदार होते, खड्डे नव्हते आणि नळी फुगल्याचे सांगणारे गडद वलयही नव्हते. गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते ते नळीचे मागचे तोंड मी भिंगाखाली पाहिले. पुष्कळ झाडलेल्या रिव्हॉल्वरमध्ये तिथे पोलाद खाल्लेले, कधी तडकलेलेही आढळते. इथे कडा शाबूत होती. त्याच जागेच्या वर, फ्रेमच्या पट्टीवर ज्वाळेने कोरलेली रेघ जेमतेम जाणवत होती. स्क्रूंच्या खाचा न बिघडलेल्या पाहून मला विशेष बरे वाटले, कारण अडाण्याने शस्त्र उघडले की पहिला मार त्यांनाच बसतो.

मग नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट मोजली. सिलिंडर मागे दाबून ०.००७ इंच जाडीची मोजपट्टी फटीत सरकली, पुढे दाबून ०.००६ इंचाची, म्हणजे मागेपुढे हालचाल केवळ एक हजारांश इंच. घोडा चढवून, चापाला हात न लावता त्याला मागून अंगठ्याने रेटले, तरी तो सुटला नाही.

इथवर सगळे इतके चांगले होते की पुढच्या चाचणीने मला धक्काच बसला. सिलिंडरवर बोट हलकेच टेकवून मी घोडा अगदी सावकाश चढवत होतो. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर पुरता फिरून त्याला रोखून धरणारा खटका सिलिंडरच्या खाचेत बसला पाहिजे, नाहीतर कप्पा नळीच्या रेषेत येण्याआधीच बार उडण्याचा धोका राहतो. सहापैकी तीन कप्प्यांवर खटका बसलाच नाही. सिलिंडर फिरवणारी पट्टी झिजली असावी असे समजून मी “घेऊ नका” असे म्हणूनही टाकले, आणि त्या गृहस्थांनी ते पुन्हा कापडात गुंडाळायला घेतले.

तेवढ्यात मला खटकले की आतून एवढे निरोगी शस्त्र फक्त याच ठिकाणी कसे झिजेल. मी ते परत मागून घेतले. त्या काळच्या या रिव्हॉल्वरमध्ये पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची धातूची कवचे, बाहेर काढणारी तारका हा सिलिंडरपासून वेगळा भाग असतो आणि पट्टी ढकलते ती या तारकेलाच. तिला जागेवर धरणाऱ्या बारीक पिना थोड्या सैल झाल्या, तर कप्पे रिकामे असताना तारका किंचित फिरते आणि पट्टीची तेवढी ढकल वाया जाते. कप्प्यांत पुंगळ्या असल्या की त्यांच्या कडा तारकेला धरून ठेवतात. मी तारकेखालची काजळी ब्रशने काढली, सहा झाडलेल्या, रिकाम्या पुंगळ्या कप्प्यांत घातल्या आणि तीच चाचणी पुन्हा केली. सहाही वेळा, घोडा चढण्याच्या किंचित आधी, खटका स्पष्ट आवाज करत खाचेत बसला. खात्रीसाठी आणखी दोन फेऱ्या केल्या. निकाल तोच आला.

मी माझा आधीचा सल्ला मागे घेतला आणि कारण त्यांना पुंगळ्यांसह व पुंगळ्यांविना करून दाखवले. घाईने दिलेल्या मतामुळे एक उत्तम शस्त्र त्यांच्या हातून गेले असते, याची मला खरोखर खंत वाटली आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली.

निघताना त्यांनी विचारले, “नवा मुलामा देऊन घेऊ का?” मी नको म्हणालो. त्यासाठी आधी पोलाद घासावे लागते आणि बेफिकीर हाताने घासले की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात, स्क्रूंभोवती खळगे पडतात. उघड्या पोलादावर तेलाचा पातळ हात नियमाने फिरवला तरी गंजापासून पुरेसे रक्षण होते. मी नोंदवहीत फटीची दोन्ही मापे लिहिली आणि खाली जोडले: सहाही कप्पे पुंगळ्या घालून तपासले.